दुसरीतल्या मुलाची असेसमेंट : मुंबईत सुरुवात कुठून करायची?

भांडुपकर_आई

नमस्कार. मुलगा ७ वर्षं ८ महिन्यांचा, दुसरीत, मराठी माध्यम, अनुदानित शाळा. तोंडी विचारलं तर धड्यातली गोष्ट सगळी सांगतो, हिशोबही तोंडी करतो. लिहायला बसला की अडतो. फळ्यावरचं उतरवताना अर्ध्यात थांबतो, वाचताना पहिलं अक्षर बघून बाकीचा शब्द अंदाजाने म्हणतो. वहीत 'पुस्तक'चं 'पुसतक', 'घर'चं 'धर', मात्रा गळलेल्या. जागेवर बसत नाही, पेन्सिल-खोडरबर सतत हरवतात. बाईंनी पालकसभेत "असेसमेंट करून आणा" एवढंच सांगितलं. कुठे, कशाची, ते नाही.

आधी कोणाकडे जायचं, बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ की सायकॉलॉजिस्ट? महापालिकेचं रुग्णालय की खाजगी? खाजगी रिपोर्ट पुढे बोर्डाला चालतो का? एका सेंटरने फोनवर आयक्यू, ब्रेन मॅपिंग आणि थेरपी असं एकत्र पॅकेज सांगितलं, ते घ्यावं का?

आणखी एक. माझा भाऊ ३१ वर्षांचा आहे. मुलाबद्दल वाचता वाचता तो म्हणतो की हे सगळं त्यालाही लागू होतं. मोठ्या माणसाची तपासणी कशी होते?

मापनपट्टी

ताई, आधी एक गाठ सोडवू. 'असेसमेंट' म्हणताना शाळेला एक हवं असतं, डॉक्टरांना दुसरं आणि बोर्डाला तिसरंच. निदान म्हणजे मुलाला नेमकं काय आहे ते. शैक्षणिक चाचणी म्हणजे वाचन-लेखनाच्या कुठल्या पायरीवर गाडी अडली ते, त्यावरून शिकवणं ठरतं. आणि प्रमाणपत्र म्हणजे सवलतींसाठीचा सरकारी कागद. तिन्ही एकाच दारात मिळतील असं नाही. तुम्हाला आत्ता पहिली दोन हवीत. अध्ययन अक्षमतेचं (बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन-गणितात अडणं) प्रमाणपत्र ८ वर्षं पूर्ण होण्याआधी देत नाहीत, त्यामुळे त्याला अजून चार महिने आहेत.

सुरुवात कान आणि डोळ्यांपासून करा. शाळेतली डोळ्यांची तपासणी यासाठी धरू नका. नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्यात थेंब घालून नंबर काढून घ्या. या वयाची मुलं डोळ्यांवर ताण देऊन तेवढ्यापुरतं वाचून दाखवतात आणि प्लसचा नंबर लपून राहतो. कानांसाठी प्युअर टोन ऑडिओमेट्री, म्हणजे किती बारीक आवाज ऐकू येतो ते, आणि तिच्या जोडीला इम्पीडन्स, म्हणजे कानाचा पडदा नीट हलतो का ते. ही दुसरी आग्रहाने मागा. पडद्यामागे पाणी साचलेलं असलं तर मूल हाक ऐकतं, पण जवळजवळचे उच्चार त्याला स्पष्ट कळत नाहीत, आणि घरच्यांना वाटतं की कान ठीक आहेत. वांद्रे रिक्लेमेशनच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवणाच्या सगळ्या चाचण्या होतात. मुलगा घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल तर ईएनटींना ॲडेनॉइड्सबद्दल, म्हणजे नाकामागच्या वाढलेल्या गाठींबद्दल, विचारा. ज्याची झोप रात्रभर मोडते ते मूल दिवसा अगदी एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असल्यासारखं वागतं.

मग विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, म्हणजे डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन, किंवा मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ. दोघांपैकी कोणीही चालेल, फक्त सुरुवात डॉक्टरांकडून व्हावी, कारण कुठल्या चाचण्या लागतील हे ते ठरवतात. जाताना जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड न्या. वजन, काविळीचा लाइट, काचेच्या पेटीत किती दिवस होता, हे त्यात असतं. चालायला कधी लागला, पहिला शब्द कधी, दोन शब्द जोडून कधी बोलला, हे घरच्यांना विचारून आधीच लिहून ठेवा. तिथे बसून आठवायला गेलं की सगळ्याला "वेळेवर" असंच उत्तर निघतं.

तुम्ही लिहिलंय की उतरवताना अर्ध्यात थांबतो. ते थांबणं कसं आहे ते नीट बघा. इकडेतिकडे बघतो, खिडकीबाहेर लक्ष जातं, हाक मारली की वळतो, तर ते लक्षाचं. पण हात जागच्या जागी थबकतो, नजर शून्यात, पापण्या फडफडतात, खांद्याला हात लावला तरी पाच-दहा सेकंद काही नाही आणि मग काही झालंच नाही असा पुढे लिहायला लागतो, तर ती ॲब्सेन्स प्रकारची फिट असू शकते. बाईंनाही हा फरक समजावून सांगा, घरी दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि पीडियाट्रिक न्यूरोलॉजिस्टना दाखवा. तिथे ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख, हवाच. असं काही दिसत नसेल, डोक्याला मार नसेल, आधी येत असलेली गोष्ट विसरलेला नसेल, तर एडीएचडी, स्वमग्नता (ऑटिझम) किंवा अध्ययन अक्षमता यांच्या निदानाला ईईजी लागत नाही, एमआरआय लागत नाही आणि ब्रेन मॅपिंग तर नाहीच. या तिन्हींचं निदान इतिहास, निरीक्षण आणि चाचण्यांवरून होतं. निदान व्हायच्या आधीच थेरपीचे सेशन विकणाऱ्या पॅकेजला सरळ नाही म्हणा.

एडीएचडीसाठी लक्षणं किमान सहा महिने आणि किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, घरी आणि शाळेत. म्हणून प्रश्नावल्या दोन असतात. व्हँडरबिल्ट नावाची प्रश्नावली ६ ते १२ वयासाठी आहे, पालकांच्या फॉर्मात ५५ प्रश्न आणि शिक्षकांच्या ४३. शिक्षकांचा फॉर्म कोरा छापून वर्गशिक्षिकेच्या हातात द्या आणि बंद पाकिटात परत घ्या. पालकांसमोर भरलेला फॉर्म हमखास सौम्य होतो. शिकवणीच्या ताईंकडूनही एक भरून घ्या. वर्गात पन्नास मुलं असतात, शिकवणीत सहा, तिथलं निरीक्षण जास्त बारीक असतं.

आयक्यूची चाचणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतील. त्यांचा आरसीआयचा म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, परिषदेच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो. विचारण्यात गैर काही नाही. फक्त समुपदेशनाचा डिप्लोमा केलेल्या व्यक्तीच्या सहीचा आयक्यू रिपोर्ट पुढे कुठेच टिकत नाही.

रेमेडिअल_दादर

वरचं सगळं बरोबर. मी भाषेबद्दल लिहिते, कारण मराठी माध्यमाच्या मुलांचं नुकसान इथेच होतं.

वाचन-लेखनाची चाचणी मूल ज्या भाषेत शिकतं त्याच भाषेत व्हायला हवी. सेंटर ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारा : वाचनाची चाचणी मराठीत घेता का, आणि कोणती? "आम्ही तोंडी मराठीत समजावतो" हे उत्तर पुरेसं नाही. समोर इंग्रजी शब्दांची यादी ठेवली तर दुसरीतलं मराठी माध्यमाचं कुठलंही मूल नापास होईल, त्यातून फक्त इंग्रजी कमी येतं एवढंच कळेल. मराठीसाठी डाली नावाचं साधन आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ते हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीसाठी तयार केलं, पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी. बुद्धिमापनातही कामतांची बिने चाचणी मुळात मराठी आणि कानडी मुलांवर बेतलेली आहे, आणि मिसिक या दुसऱ्या आयक्यू चाचणीचे सूचना-प्रश्न मराठीत विचारता येतात.

आता वही. दुसरीत ऱ्हस्व-दीर्घ चुकणं, 'एकोणतीस' म्हटल्यावर ३९ लिहिणं ही लक्षणं नव्हेत, निम्मा वर्ग तसं लिहितो. बघायचं ते वेगळं. एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलाय का? जोडाक्षर प्रत्येक वेळी फुटतंय का, 'पुसतक', 'चषमा', 'दपतर'? घ-ध, भ-म, प-ष यांची अदलाबदल सराव करूनही तशीच आहे का? मात्रा आणि अनुस्वार गळतात ते लिहिण्याच्या घाईत, की सावकाश लिहूनही?

चूक कुठे होते हे कळायला तीन नमुने लागतात आणि तिन्हींवर तारीख हवी. एक, पुस्तकात बघून उतरवलेल्या पाच ओळी. दोन, शुद्धलेखन, म्हणजे तुम्ही सांगितलेल्या पाच ओळी. तीन, त्याच्या मनाने लिहिलेलं, 'माझी शाळा' वगैरे. 'घर'चं 'धर' फक्त ऐकून लिहिताना होत असेल तर कान किंवा ध्वनींची ओळख तपासायची. बघून उतरवतानाही होत असेल तर कानाचा दोष नाही, अक्षराचा आकारच नीट बसलेला नाही. सोबत रफ वही न्या. पालक प्रेमाने फेअर करून घेतलेली स्वच्छ वही घेऊन येतात आणि त्यात बघायला काही उरत नाही.

अंदाजाने वाचतो म्हणालात. घरीच पडताळून बघा. पाठ झालेल्या धड्यातली एक ओळ घ्या आणि शेवटच्या शब्दापासून उलट वाचायला सांगा. धडा पाठ असलेलं मूल सरळ वाचताना अस्खलित वाटतं, उलट वाचताना लगेच उघडं पडतं. चाचणीत यासाठी अर्थ नसलेले शब्द देतात, 'मटोळी', 'किपसार' असे. अर्थ नसल्यामुळे अंदाज चालत नाही, अक्षर जोडूनच वाचावं लागतं. आणि हे बघताना रागवू नका, अंदाज करणं हा त्याने शोधलेला मार्ग आहे.

आठ वर्षं पूर्ण होईपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. कागद नसला तरी विशेष शिक्षिकेकडे शिकवणं आजपासून सुरू करता येतं. रोज वीस मिनिटं, आधी ध्वनी, मग स्वरचिन्हं, मग जोडाक्षरं, या क्रमाने. निदान पुढे काहीही निघो, हे वाया जात नाही.

भांडुपकर_आई

खूप आभार. कानांची आणि डोळ्यांची तारीख घेते. दोन गोष्टी अडल्या. त्या सेंटरने व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा नमुना पाठवला. एकच पान, त्यात आयक्यू ८८ आणि खाली 'स्लो लर्नर'. एवढा रिपोर्ट पुरतो का? आणि व्हीएसएमएस म्हणून एक चाचणी पालकांनाच विचारून भरतात असं कळलं. त्यात चुकीचं उत्तर दिलं गेलं तर?

मापनपट्टी

एका पानाचा रिपोर्ट घेऊ नका. आणि 'स्लो लर्नर' हे निदान नव्हे. ८५ ते ११५ हा सरासरीचा पट्टा आहे, ८८ त्याच पट्ट्यात येतो.

रिपोर्टात हे असलंच पाहिजे : जन्मतारीख, चाचणीची तारीख, त्या दिवशीचं नेमकं वय, चाचणीचं नाव, ती कुठल्या भाषेत घेतली, मुलगा कसा बसला, थकला का, चष्मा होता का, आणि प्रत्येक उपचाचणीचे गुण. मिसिकमध्ये शाब्दिक आणि कृतीच्या अशा मिळून अकरा उपचाचण्या आहेत. समजा ठोकळ्यांच्या रचनेत १२० आणि अंक लक्षात ठेवण्यात ७० आले, तर मधला ९५ हा आकडा त्या मुलाबद्दल काहीच सांगत नाही. तोंडी चांगला आणि लेखी अडणाऱ्या मुलात अशी दरी बऱ्याचदा दिसते आणि शिकवणाऱ्याला उपयोग त्या दरीचा असतो. शेवटी निष्कर्ष, घर आणि शाळेसाठी वेगवेगळ्या सूचना, सही आणि नोंदणी क्रमांक. सूचना 'थेरपी घ्यावी' अशी एका ओळीत असतील तर फी देण्याआधीच सांगा, वर्गात बाईंनी काय बदल करायचे ते लिहून हवंय.

८५ च्या आकड्याला एक जास्तीचं वजन आहे. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत अध्ययन अक्षमतेची तपासणी टप्प्यांनी होते. आधी बालरोगतज्ज्ञ कान-डोळे-मेंदूची तपासणी करतात, मग आयक्यू, आणि तो ८५ च्या वर असेल तरच पुढची, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची शैक्षणिक चाचणी. म्हणून ज्या दिवशी मूल आजारी, उपाशी किंवा झोपेत आहे त्या दिवशी चाचणी देऊच नका. सकाळची वेळ मागा, पण भांडुपहून गर्दीच्या लोकलमध्ये चेंगरून पोचल्यावर लगेच बसवू नका. अर्धा तास आधी पोचा, खाऊ द्या, बाथरूमला नेऊन आणा. आयक्यू आणि वाचन-लेखनाच्या चाचण्या एकाच दिवशी उरकायची घाई करू नका. दोन दिवस लागले तर लागू द्या, दुसऱ्या तासाला दमलेलं मूल 'येत नाही' म्हणायला लागतं. ७० ते ८४ मध्ये अडकलेल्या मुलांची दोन्हीकडून कोंडी होते, ना अध्ययन अक्षमता, ना बौद्धिक अक्षमता. तिथे एका खराब दिवसाची किंमत फार मोठी असते.

आकडा मनासारखा आला नाही म्हणून महिन्याभरात दुसरीकडे तीच चाचणी करू नका. मुलाला प्रश्न आठवतात आणि गुण खोटे वाढतात. आधीची चाचणी झाली असेल तर लपवू नका, नाव आणि तारीख सांगा.

व्हीएसएमएस म्हणजे रोजच्या जगण्यातली स्वावलंबनाची पातळी. ८९ प्रश्न असतात, वयाप्रमाणे चढत जाणारे. इथे पालक दोन चुका करतात. एक, 'करू शकेल' याला 'करतो' म्हणतात. दुसरी मुंबईची खास. 'जवळपास एकटा जातो का?' याला 'नाही' म्हणतात आणि गुण जातात. आपण आठव्या मजल्यावर राहतो, खाली रस्ता आहे, म्हणून आपणच सोडत नाही. तिथे स्पष्ट सांगा की संधी दिलेली नाही. तसंच बटणं लावणं, अंघोळ, हाताने जेवणं. शाळेची घाई म्हणून आपण भरवतो की त्याला जमत नाही म्हणून, हा फरक सांगायला हवा. जाण्याच्या आधीचे पंधरा दिवस त्याला स्वतःच्या हाताने करू द्या, म्हणजे उत्तर अंदाजाने द्यावं लागणार नाही.

ओपीडी_सकाळ

सरकारी बाजू मी सांगतो. मुंबईत अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी लोक मुख्यतः महापालिकेच्या शीव, केईएम आणि नायर रुग्णालयांत जातात. तुम्हाला भांडुपहून स्लो लोकलने शीव थेट पडतं. नायरला जायचं तर दादरला बदलून मुंबई सेंट्रल.

खर्च नाममात्र असतो, वेळ मात्र लागतो. केस पेपर, बालरोग विभाग, कान-डोळे, सायकॉलॉजिस्ट, विशेष शिक्षक, प्रत्येकाची वेगळी तारीख. मधली एक तारीख चुकली की रांग पुन्हा मागून. म्हणून पहिल्याच दिवशी सगळे कागद सोबत असू द्या : शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं पत्र, आधीच्या इयत्तांची प्रगतिपुस्तकं, रफ वह्या, जन्मदाखला, मुलाचं आणि पालकांचं आधार, पासपोर्ट आकाराचे फोटो, कान-डोळ्यांचे रिपोर्ट. शाळेच्या पत्रात 'अभ्यासात कच्चा' असं मोघम नको. बाईंना सांगा, जे दिसतं तेच लिहा : फळ्यावरचं किती उतरवतो, वाचताना काय करतो, तोंडी कसा आहे. पत्र द्यायला शाळा का-कू करत असेल तर नम्रपणे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम १६ दाखवा. अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून उपाय करणं ही त्यात शिक्षणसंस्थेची जबाबदारी म्हणून लिहिली आहे.

खाजगी रिपोर्ट बोर्डाला चालतो का? शिकवण्यासाठी आणि वर्गातल्या बदलांसाठी तो उत्तम, आणि सरकारी रुग्णालयातही सोबत दाखवा, काम सोपं होतं. पण दहावी-बारावीच्या सवलतींसाठी अधिकृत रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं आणि प्रस्ताव शाळेमार्फत वाशीच्या विभागीय मंडळाकडे जातो. दहावी उजाडल्यावर धावपळ करणारे खूप असतात आणि तेव्हा तारखा मिळत नाहीत. तुमच्याकडे वेळ आहे, तिसरीत गेल्यावर नाव नोंदवा. २०१८ च्या तत्त्वांप्रमाणे १४ व्या आणि १८ व्या वर्षी फेरतपासणी असते, १८ नंतरचं प्रमाणपत्र कायमचं. ही तत्त्वं मार्च २०२४ मध्ये सुधारली गेली, त्यामुळे प्रमाणपत्राच्या वेळी सध्याचा नियम तिथेच विचारून घ्या.

परीक्षेत तासाला २० मिनिटं जास्तीची, गरज असेल तर लेखनिक, या सवलती प्रमाणपत्रावर मिळतात. लेखनिक घ्यायचा तर त्याची सवय आधीच्या वर्षांत लावा. स्वतःचं उत्तर दुसऱ्याला सलग सांगणं हे वेगळंच कौशल्य आहे.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आहेत, एकटी एडीएचडी नाही. निदान फक्त एडीएचडीचं निघालं तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मिळणार नाही. सोबत अध्ययन अक्षमता असेल तर तिच्या आधारावर अर्ज होतो. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, आणि बहुतेक योजनांना ४० टक्के दिव्यांगत्व ही किमान मर्यादा. ४० च्या खाली पांढरं कार्ड, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि वर निळं.

जुनी_प्रगतिपुस्तकं

भावाबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

मोठ्यांची तपासणी मानसोपचारतज्ज्ञ करतात. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी सकाळी असते. खाजगीत जायचं तर फोनवरच विचारा, प्रौढांच्या एडीएचडीचं किंवा स्वमग्नतेचं निदान करता का? सगळे करत नाहीत.

नेटवरची १८ प्रश्नांची एएसआरएस ही प्रौढांच्या एडीएचडीची प्रश्नावली भरून न्यायला हरकत नाही, पण ती चाळणी आहे, निदान नव्हे. एडीएचडी मोठेपणी सुरू होत नाही. काही लक्षणं १२ वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात आणि १७ वर्षांनंतर नऊपैकी पाच पुरतात, मुलांना सहा लागतात. त्यामुळे खरा पुरावा माळ्यावरच्या ट्रंकेत असतो. जुन्या प्रगतिपुस्तकांतले शेरे बघा, 'हुशार आहे पण लक्ष देत नाही', 'वही अपूर्ण', 'दप्तर विसरतो'. चौथीच्या आतला एक शेरा आत्ताच्या दहा प्रश्नावल्यांपेक्षा वजनदार. आई किंवा मोठ्या बहिणीला सोबत न्या, म्हणजे कदाचित तुम्हालाच जावं लागेल. डीवा नावाच्या मुलाखतीत प्रत्येक लक्षण दोनदा विचारतात, आत्ताचं आणि लहानपणचं, आणि प्रत्येकाला उदाहरण मागतात. 'विसरतो' एवढं पुरत नाही. काय विसरला, कितीदा, त्याने काय बिघडलं, ते सांगावं लागतं. बिघडलेल्या गोष्टींची यादी करून न्यायला सांगा : बुडालेली बिलं, सोडलेल्या नोकऱ्या, अर्धवट राहिलेला कोर्स.

जाण्याआधी दोन आठवडे झोपेची नोंद ठेवायची. पहाटे पाचला उठून लोकल, रात्री अकराला घरी, पाच तास झोप, असं चालू असेल तर कोणाचंही लक्ष विखुरतं. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी१२ बघून घ्या, निव्वळ शाकाहारी असेल तर बी१२ नक्कीच. चिंतारोग, नैराश्य, बायपोलर यांतही लक्ष उडतं, म्हणून डॉक्टर त्यांचे प्रश्न विचारतील. त्याने 'मी कशाला आलोय आणि हे काय विचारतायत' असं मनात आणू नये. दारू-सिगारेटचंही खरं सांगावं.

औषध सुरू झालं आणि ते मिथाइलफेनिडेट असलं, तर ते शेड्युल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत, येतं. प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत लागतं, एक प्रत केमिस्ट ठेवून घेतो. गल्लीतल्या दुकानात ते बहुतेक नसतं, मोठ्या रुग्णालयाजवळचा केमिस्ट आधीच ठरवून ठेवा आणि शेवटच्या दोन गोळ्या उरेपर्यंत थांबू नका.

गोरेगाव_मावशी

याच धाग्यात विचारते. भाची २ वर्षं १ महिन्याची, एकही शब्द नाही, हवं ते आमचा हात धरून नेऊन दाखवते, बोटाने दाखवत नाही. सासरचे म्हणतात थांबा, त्यांच्याकडे सगळे उशिरा बोलले.

मापनपट्टी

थांबू नका. १६ महिन्यांपर्यंत एक शब्द आणि २४ महिन्यांपर्यंत आपणहून जोडलेले दोन शब्द यायला हवेत. बोटाने न दाखवणं आणि दुसऱ्याचा हात उपकरणासारखा वापरणं हे तर नक्की दाखवण्यासारखं. बालरोगतज्ज्ञांकडून एम-चॅट ही स्वमग्नतेची चाळणी करून घ्या, २० प्रश्न असतात, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी. सोबत ऐकण्याची तपासणी. या वयात ती बेरा पद्धतीने (आवाजाला मेंदूकडून येणारा प्रतिसाद मोजून), मूल झोपेत असताना होते, म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवून तिथे झोपेल असं बघा. परळचं वाडिया रुग्णालय लहान मुलांचंच आहे. 'उम्मीद' ही बालविकासावर २००१ पासून काम करणारी संस्थाही मुंबईतच आहे. स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपीला निदानाचं नाव पक्कं व्हायची वाट बघावी लागत नाही. स्वमग्नता स्टेम सेलने बरी होते असं कोणी सांगितलं तर तिथून उठा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने २०२२ मध्येच त्या उपचाराची शिफारस नाही असं स्पष्ट केलंय.

भांडुपकर_आई

शाळेकडून पत्र मागितलं, बाई तुम्ही सांगितलंत तसं लिहून देणार आहेत. भावाला माळ्यावर चढवते. शेवटचं एक, मुलाला काय सांगून न्यायचं? 'डॉक्टर' म्हटलं की सुईची भीती.

रेमेडिअल_दादर

खरं तेच सांगा, त्याला पेलेल एवढं. "तिथे एक ताई असतील, त्या कोडी देतील, ठोकळे लावायला सांगतील, थोडं वाचायला आणि लिहायला सांगतील. सुई नाही. काही कोडी तुला येतील, काही मोठ्या मुलांची असतात, ती कोणालाच येत नाहीत." हे शेवटचं वाक्य विसरू नका. चाचणी मुद्दाम मूल अडेपर्यंत पुढे नेतात, आणि हे माहीत नसलेलं मूल तिथेच रडकुंडीला येतं. 'परीक्षा' म्हणू नका, 'सगळं बरोबर आलं तर आइस्क्रीम' असंही नको. आइस्क्रीम द्यायचंच असेल तर आल्यावर द्या, काय आलं ते न विचारता. आदल्या दिवशी सराव नको. चष्मा लागला असेल तर तो आधी आठवडाभर वापरून सवय होऊ द्या. आणि ताई, आत तो एकटाच बसेल, तुम्ही बाहेर. दारातून खुणा करू नका, त्याचं लक्ष तुमच्याकडे राहतं.